आवाज हवा

बुधवारी दुपारी आईबाबांच्या खोलीतला पंखा बंद पडला, तेव्हा घरात पहिला वाद झाला तो पंख्यावरून नाही, क्रियापदावरून. मी म्हणाले, "पंखा गेला."

"गेला कुठे?" बाबा पलंगावरून म्हणाले. "वर लटकतोय. बंद पडला म्हण."

बाबा छत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण ते छापखान्यातून निवृत्त झाले होते, चुकांमधून नाही. औषधाच्या खोक्यावरचा मजकूर ते आधी तपासायचे आणि मग गोळी घ्यायचे. त्यांच्या खिशात कायम एक लाल पेन्सिल असायची, दोन्ही बाजूंनी टोक केलेली, कारण मराठीत चुका फार आणि टोक करायला वेळ कमी.

आमच्या इमारतीचा वायरमन आला. स्टुलावर चढला, पंख्याचा वास घेतला आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसा माझ्याकडे बघून म्हणाला, "कॉइल जळली. भरून देता येईल, पण ही जी खडखड आहे ती तेवढ्याने जायची नाही. नवा घ्या काका. आता आवाज न करणारे आलेत."

ती खडखड सव्वीस वर्षांची होती. खट्-खुर्र, खट्-खुर्र. मधेच एखादा खट् गळायचा आणि पुढच्या फेरीत दोन यायचे. मी माझ्या खोलीचं दार लावून पुस्तक वाचायला बसले तरी तो आवाज दाराखालून आत यायचा.

वायरमनने पंखा उतरवून माळ्यावर टाकला. बाबांनी कागदाचा एक तुकडा घेतला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलं.

"उद्या जाऊन घेऊन येतो," ते म्हणाले. "येतेस का?"

"मला शनिवारी सुट्टी आहे. शनिवारी जाऊ. तुम्ही एकटे जाऊ नका हं, बाबा. परत असलाच कुठला तरी खटारा उचलून आणाल."

"खटारा गाडी असते. पंखा खटारा नसतो."

"सगळे म्हणतात."

"सगळे चुकतात. कोशात बघ."

मी ग्रंथपाल आहे. कोशात बघ म्हटल्यावर न बघणं मला जमत नाही. कोशात गाडीच होती. मी कोश मिटला आणि चहा करायला गेले.

हे इथे सांगून टाकते. वाद संपला की समोरच्याने 'तुमचं बरोबर आहे' असं तोंडाने म्हणावं, एवढीच बाबांची जगाकडून अपेक्षा होती. आई दिवसातून चारदा म्हणायची, कारण तिला पुढची कामं असायची. मी एक्केचाळीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. मी चहा करायचे. बाबांना ते ठाऊक होतं. "दुपारचा हा तिसरा," असं कपाकडे बघत म्हणायचे आणि समाधानाने प्यायचे. त्या दिवशीही प्यायले.

गुरुवारी सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता बाबा गेले. पहिल्या पानावर दोन चुका खुणावलेल्या होत्या. दुसरं पान उलटलेलं नव्हतं. या परिच्छेदातलं क्रियापद तपासून द्यायला आता कोणी नाही.

येणारेजाणारे येऊन गेले. तीन आठवड्यांनी घरात आई, मी आणि उन्हाळा असे तिघेच उरलो. आईला झोप लागत नव्हती. दुपारी आडवी व्हायची आणि छताच्या रिकाम्या हुकाकडे बघत राहायची. रात्रीचंही तेच. वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, गोळी देता येईल, पण आधी खोलीत जरा वारा येऊ दे, शांतता ठेवा, माणूस झोपतं. मला एक काम मिळालं. अशा दिवसांत माणसाला काम मिळालं की तो ते बुडत्याने काडी धरावी तसं धरतो. मी ठरवलं की आईसाठी जगातला सगळ्यात शांत पंखा आणायचा.

काचेखालचा कागद काढला. बाबांचं अक्षर, छापल्यासारखं.

पंखा
४८ इंच
दांडी लहान
रंग पांढरा नको
आवाज हवा

शेवटच्या ओळीपाशी मी थांबले. दुकानात काय काय तपासायचं त्याची ही यादी होती हे उघड होतं. आवाज किती करतो ते बघायचं आणि हवा किती देतो ते बघायचं. मग दोन शब्दांच्या मध्ये स्वल्पविराम कुठे होता?

मी कागद उजेडात धरला. नव्हता. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे स्वल्पविराम भरणाऱ्या माणसाचा एक राहून गेला होता. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा झाला आणि लगेच त्याची लाजही वाटली. मी त्यांचीच लाल पेन्सिल घेतली आणि 'आवाज' आणि 'हवा' यांच्यामध्ये एक सुबक स्वल्पविराम घातला.

पंखा घ्यायचाय हे मी फक्त समोरच्या वहिनींना सांगितलं. संध्याकाळपर्यंत इमारतीला कळलं. एरवी आमच्याकडे येऊन काय बोलावं हे कुणाला सुचत नव्हतं. दारात उभं राहायचे, "काळजी घ्या" म्हणायचे आणि जायचे. आता सगळ्यांना विषय मिळाला. वहिनी म्हणाल्या, तपकिरी घे, मळ दिसत नाही. वहिनींचे दीर फोनवरून म्हणाले, तीन पात्यांचाच घे, चार पात्यांचे शोभेचे असतात. वरच्या मजल्यावरचे काका निवृत्त अभियंते. ते टेप घेऊनच आले आणि खोली मोजायला लागले.

"बारा बाय दहा, उंची साडेनऊ," ते म्हणाले. "यातून कपाटाचं आकारमान वजा करायचं."

"कपाट कशाला वजा करायचं, काका?"

"कपाटाला उकडत नाही."

काकांनी कपाट वजा केलं, पलंग वजा केला, मग आईकडे बघून जरा घोटाळले आणि तिला वजा न करता हिशोब पुरा केला. जाताना म्हणाले, "पंखा येईपर्यंत माझा टेबलफॅन वापरा. जुना आहे, पण वारा दाबून देतो."

तो टेबलफॅन म्हणजे पिठाची गिरणी होती. मान उजवीकडे वळवताना कण्हायचा आणि डावीकडे वळवताना दात खायचा. पहिल्याच दुपारी आई त्याच्यासमोर दीड तास झोपली. दुसऱ्या दुपारीही झोपली. मला वाटलं, बिचारी थकून थकून शेवटी झोपली, या गोंगाटातसुद्धा. तिसऱ्या दिवशी मी तो काकांना परत दिला. आवाज फार होता.

इथे वाचकाला जे दिसतंय ते मला तेव्हा दिसत नव्हतं. ग्रंथपाल असल्याने वाचता येतंच असं नाही.

शनिवारी मी दुकानात गेले. बाबांना दिलेला शनिवार उलटून गेला होता. हा पुढचा कुठला तरी होता. दुकानाच्या छताला बावीस पंखे टांगलेले होते आणि बावीसच्या बावीस फिरत होते. दुकानदाराने माझ्या हातातला कागद घेतला आणि भुवया वर केल्या.

"आवाज हवा? कुणाला?"

"मध्ये स्वल्पविराम आहे," मी म्हणाले.

"कुठे?"

"हा काय, लाल."

"बरं," तो म्हणाला. शिकलेल्या बायकांचा अनुभव त्याला असावा.

मी म्हटलं, मला आवाज ऐकायचाय. त्याने एका पंख्याकडे बोट केलं. मी म्हटलं, बावीस चालू असताना एकाचा कसा कळणार, बाकीचे बंद करा. त्याने माझ्याकडे बघितलं, दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांकडे बघितलं आणि एकेक बटण बंद करायला लागला. एकवीस पंखे बंद व्हायला बराच वेळ लागतो. ते लगेच थांबत नाहीत, आपली नाराजी दाखवत थांबतात. एक गृहस्थ इस्त्री घ्यायला आले होते, ते कपाळ पुसत म्हणाले, "बाई, गाणं निवडताय की पंखा?" मी स्टूल मागितलं, चढले आणि त्या चालू पंख्याला कान दिला. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. सातव्याखाली उभी राहिले तेव्हा मला वाटलं तो बंदच आहे.

"चालू आहे," दुकानदार खालून म्हणाला. "पिसासारखा आहे. रिमोटवर चालतो. आता बाकीचे लावू का? लोक निघून चाललेत."

मी तो घेतला. रंग पांढरा नव्हता, राखी होता. दांडी लहान होती. ४८ इंच होता. कागदातला शब्द न् शब्द पाळला होता, वर एक स्वल्पविराम माझ्या पदरचा.

वायरमन आला, स्टुलावर चढला आणि उतरला. "याची कडी जुन्या हुकात बसत नाही. हुक जाड आहे, वाकवलेला आहे. शेजारी नवा मारावा लागेल. छताला भोक पाडायचं म्हणजे सोसायटीची परवानगी आणा. मागे विचारलं नाही तर माझं येणंच बंद केलं होतं."

मी सचिवांकडे गेले. सोसायटीचं कार्यालय म्हणजे जिन्याखालची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि बाहेर सूचनाफलक. सचिवांनी छापील अर्ज काढला.

"इथे सदनिकाधारकाची सही."

"सदनिका बाबांच्या नावावर आहे."

"मग त्यांची सही."

"काका, बाबा वारले. तुम्ही आला होतात."

"आलो होतो ना. दुपारपर्यंत थांबलो होतो. पण अर्जात वारल्याची सोय नाही. आधी नावबदल करा, मग हा अर्ज. नावबदलाला तीन महिने."

"तीन महिने आई पंख्याशिवाय काढेल?"

"खिडकी आहे की. खिडकी उघडायला परवानगी लागत नाही."

मी उठले. वाद मला येत नाही असं नाही. समोर बाबा नसले की कंटाळा येतो. बाहेर सूचनाफलकावर बाबांचीच सूचना अजून होती. येता-जाता मी तिच्याकडे बघणं टाळलं होतं. आता बघितली. 'आपल्या सोसायटीचे ज्येष्ठ सदस्य … यांचे दुखःद निधन.' विसर्ग 'दु'नंतर असतो. इथे तो 'ख'च्या मागे जाऊन उभा होता, रांग चुकलेल्या माणसासारखा.

लाल पेन्सिल पर्समध्ये होती. मी विसर्ग उचलून जागेवर नेल्याची खूण केली. मागे वळले तर सचिव दारात.

"तुमच्या बाबांनी एकदा माझी एक सूचना अठरा खुणा करून परत पाठवली होती," ते म्हणाले. "चार ओळींची सूचना. मी महिनाभर बोललो नव्हतो त्यांच्याशी."

"मला माहीत आहे."

"ही लावली तेव्हा चूक लक्षात आली होती माझ्या." ते फलकाकडे बघत होते. "म्हटलं राहू दे. येतीलच आता पेन्सिल घेऊन खाली. मग आठवलं."

मग ते आत गेले आणि अर्जावर लिहिलं, 'सदनिकाधारक अनुपस्थीत असल्याने मुलीची सही ग्राह्य.' सही केली, शिक्का मारला. मी कागद हातात येईपर्यंत गप्प राहिले. हातात आल्यावर 'स्थी'ची वेलांटी ऱ्हस्व केली.

"घराणं आहे," सचिव म्हणाले.

भोक पाडताना पहिल्या जागी लोखंडी सळई लागली, दुसऱ्या जागी दिव्याची वायर. स्वयंपाकघरातला दिवा गेला. बंद पडला. वरून काका ओरडले की त्यांच्या पायाखालची फरशी थरथरतेय आणि मापात पाच सेंटिमीटरची चूक आहे. तिसऱ्या जागी हुक बसला. जुन्या हुकाशेजारी नवा हुक आणि मध्ये दोन बुजवलेली भोकं, असं ते छत देवी आलेल्या चेहऱ्यासारखं दिसायला लागलं. पण पंखा लागला. मी रिमोट दाबला. पाती फिरली. आवाज शून्य. वायरमन स्वतःच कौतुकाने वर बघत राहिला.

आई आडवी झाली. मी दार ओढून घेतलं. दहा मिनिटांनी आतून हाक आली.

"अगं, चालू आहे का?"

"चालू आहे, आई. वारा येतोय ना?"

"येतोय."

पुन्हा दहा मिनिटांनी. "बंद पडला का गं?"

पाचव्या दिवशी ती टीव्हीचा रिमोट छताकडे धरून वेगवेगळी बटणं दाबत होती. झोप नव्हतीच. डोळ्यांखाली काळं होतं. मी दारात उभी राहिले आणि माझा आवाज चढला.

"आई, सगळं गाव पालथं घालून आणलाय मी हा. दुकानात स्टुलावर चढले. जिन्याखाली जाऊन सही आणली. यापेक्षा शांत पंखा जगात नाही. आता याला काय झालं?"

"काही नाही झालं. चांगला आहे."

"मग?"

"फार शांत आहे." तिने रिमोट नीट उशाशी ठेवला. "नळ ठिबकलेला ऐकू येतो. लिफ्ट ऐकू येते. तू तुझ्या खोलीत पान उलटतेस ते ऐकू येतं. आणि हे नाहीत, तेही ऐकू येतं."

मी पलंगावर बसले.

"हे घोरायचे," आई म्हणाली. "तुला माहीत नसेल."

"दाराखालून पंखा ऐकू यायचा."

"तेच तर. यांना वाटायचं, आपलं घोरणं पंख्याच्या आवाजात लपतं. एकदा वायरमनने तेल घालून खडखड बंद केली होती, तर दोन दिवस जागे राहिले. माझी झोप मोडेल म्हणून. तिसऱ्या दिवशी कुठूनसा एक वॉशर काढून टाकला आणि पुन्हा खडखड सुरू केली. मला म्हणाले, पंखा जुना झालाय."

"आणि तुला ऐकू यायचं नाही?"

"सगळं यायचं. पंखा वेगळा, हे वेगळे. सव्वीस वर्षांत तेवढं कळतं." ती वर बघत म्हणाली, "मी काही बोलले नाही. त्यांना वाटत होतं लपलंय, तर लपू दे. आता निदान ती खडखड असती, तर आत कुठेतरी हेही आहेत असं धरून चालता आलं असतं. काकांच्या त्या टेबलफॅनमध्ये थोडं थोडं जमत होतं. तू परत दिलास."

मी उठले आणि बाहेरच्या टेबलापाशी गेले. कागद काचेखाली परत ठेवला होता. दांडी लहान. रंग पांढरा नको. आवाज हवा. दांडी कशी, तर लहान. रंग कसा, तर पांढरा नको. आणि आवाज? दांडीपासून खाली प्रत्येक ओळीत एक वस्तू आणि तिच्याविषयीचा एक निर्णय, शेवटच्या ओळीतही. पहिलीतल्या मुलाने वाचलं असतं. माझा स्वल्पविराम मध्ये लाल होऊन बसला होता.

मी वायरमनला बोलावलं. माळ्यावरचा जुना पंखा काढून त्याच्यापुढे ठेवला आणि कॉइल भरून द्यायला सांगितलं.

"हा?" तो म्हणाला. "आणि तो पिसासारखा?"

"तो माझ्या खोलीत लावा."

"बरं. मग याचा आवाज काढतो."

"हो, काढा."

तो पाना घेऊन आतल्या एका वॉशरकडे वळला तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघं एकच वाक्य बोललो होतो आणि दोघांच्या मनात दोन पंखे होते.

"काढू नका," मी म्हणाले.

"आत्ता तर म्हणालात काढा."

"म्हणजे त्याला आवाज काढू दे. तुम्ही काढू नका."

वायरमनने पाना खाली ठेवला. "ताई, माझं बावीस वर्षांचं काम झालं. लोक आवाज घालवायला बोलावतात. ठेवायला कुणी बोलावलं नाही."

"असू दे," मी म्हणाले.

आणि बोलल्यावर थांबले. हा बाबांचा शब्द होता. घाईत एखादा बरोबर शब्द खोडला गेला की ते त्याच्याखाली टिंबांची ओळ द्यायचे आणि समासात लिहायचे, असू दे. म्हणजे खोडणाऱ्याची चूक, शब्दाची नाही.

दोन दिवसांनी कॉइल भरून आली. जुना पंखा जुन्या हुकाला लागला. रेग्युलेटर फिरवला, पाती जड झाल्यासारखी हलली, विचार केला आणि सुरू झाली. खट्-खुर्र, खट्-खुर्र. एक खट् गळाला. पुढच्या फेरीत दोन आले. स्वयंपाकघराच्या दिव्याचं काम राहिलं होतं, तेवढं करून वायरमन गेला.

दुपारी दोनला आई आडवी झाली. भिंतीकडे तोंड केलं आणि बाबांच्या बाजूची उशी जरा सरकवून घेतली. मी खुर्चीत कागद घेऊन बसले होते. चारच मिनिटं झाली असतील. तिचा श्वास लांबला, तोंड थोडं उघडलं. सात आठवड्यांनी ती तिच्या खोलीत, तिच्या पंख्याखाली झोपली होती.

मी लाल पेन्सिलीने स्वल्पविरामावर काट मारली. समासात खोडल्याची खूण केली, नियमाप्रमाणे. मग 'आवाज हवा'खाली टिंबं दिली. उठून चहा ठेवायला निघाले. सवय. दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

मग म्हणाले. ओठांतल्या ओठांत, आणि पंख्याने ते गिळलं. एका खट् आणि दुसऱ्या खट्च्या मध्ये ते बसून गेलं आणि मला बरंही वाटलं, की म्हणून झालं आणि कुणी ऐकलं नाही. त्याच क्षणी कळलं की बाबाही सव्वीस वर्षं हेच समजून निजत होते.

म्हणून मी घसा साफ केला आणि पंख्याच्या वर आवाज काढून, कागदाकडे बघत, स्पष्ट म्हणाले, "बाबा, तुमचं बरोबर होतं."